थकव्याच्या आजारात शेक कसा घ्यावा

क्रॉनिक फटीग सिंड्रोम झालेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण कधी ना कधी सांगतोच, "जरा अंग शेकून घे, घाम निघू दे, मोकळं वाटेल." मला हा आजार होऊन 9 वर्षं झाली आणि मी जवळजवळ रोज शेक घेते. मोकळं वाटतं, हे खरं आहे. पण याच उष्णतेने मला एकदा 11 दिवस अंथरुणाला खिळवलं, हेही तितकंच खरं. या दोन्ही अनुभवांमधून जे हाती लागलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तर अर्ध्यावर ठेवा. मीही हे सहा दिवस थोडं थोडं करून लिहिलं आहे.

आजारी पडण्याआधी मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. थर्मामीटर, घड्याळ आणि नोंदवही यांच्याशिवाय मला काही करताच येत नाही. ती सवय इथे फार उपयोगी पडली.

आधी निदान

नुसता थकवा म्हणजे हा आजार नव्हे. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य अशी थकव्याची कितीतरी कारणं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर नीट उपचार आहेत. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 साली जे निकष मांडले, त्यात तीन गोष्टी असाव्याच लागतात. पहिली, आधी जमणारी कामं न जमणं आणि सोबत खोल थकवा, तोही किमान 6 महिने. दुसरी, थोड्याशा श्रमानंतर सगळीच लक्षणं बळावणं. तिसरी, झोपूनही ताजंतवानं न वाटणं. त्याबरोबर डोक्यात धुकं साचल्यासारखं होणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यातलं निदान एक हवं. डॉक्टरांकडून हे तपासून घेतल्याशिवाय शेकाच्या मागे लागू नका.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, म्हणजे खोटी आशा नको. शेकाने हा आजार जात नाही. तो मुळापासून बरा करणारं औषध अजून कुणाकडेच नाही. शेकाने स्नायूंचं दुखणं उतरतं, आखडलेली मान सुटते, बर्फासारखे पाय गरम होतात, झोप जरा लवकर लागते. दिवसातली 2 तास कमी वेदना माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, म्हणून मी शेक सोडत नाही.

उष्णता हा शरीराला पडणारा खर्च आहे

हे समजायला मला दीड वर्ष लागलं. शेक घेताना आपण पडून असतो, काहीच करत नसतो, म्हणून ती विश्रांती वाटते. आत मात्र काम चालू असतं. उष्णता लागली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त तिकडे वळतं. रक्तदाब टिकवण्यासाठी हृदयाला जलद चालावं लागतं. घाम आला की अंगातलं पाणी आणि मीठ जातं. निरोगी माणसाला याचं काही वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांचं शरीर उभं राहिल्यावर रक्त वर ढकलण्यातच कमी पडतं. पायांत रक्त साचतं, डोकं हलकं होतं, छातीत धडधडतं. त्यात वरून उष्णता आली की दोन ओझी एकदम पडतात.

म्हणून जिना चढणं, फोनवर बोलणं, केस धुणं यांचा हिशेब जसा ठेवता, तसाच शेकाचाही ठेवा. ज्या दिवशी दवाखान्यात जाऊन आलात, त्या दिवशी मोठा शेक नाही.

दुसरी अडचण अशी की खर्चाचं बिल लगेच येत नाही. श्रमानंतरची घसरण, ज्याला आपण सगळे क्रॅश म्हणतो, ती बहुतेक वेळा 12 ते 48 तासांनी सुरू होते. सोमवारी संध्याकाळी शेक घेतला, मंगळवारी छान वाटलं म्हणून पुन्हा घेतला आणि बुधवारी मान उचलेना, तर दोष बुधवारच्या हवेला देऊन मोकळं होता येत नाही. शेक लागू पडला की नाही, हे तिसऱ्या दिवशी ठरवायचं.

वही

माझ्या वहीत एका शेकाला एक ओळ. कुठे, किती वेळ, पडून की बसून, आधीची नाडी, नंतरची नाडी, आणि मग दोन रिकामे चौकोन: दुसरा दिवस, तिसरा दिवस. त्या चौकोनांत फक्त अधिक, उणे किंवा बरोबर अशी खूण. वाक्यं लिहायला जाऊ नका, वाईट दिवशी ती लिहून होत नाहीत आणि मग वहीच बंद पडते.

नाडी मनगटावर बोटं ठेवून मोजता येते, बोटाला लावायचं यंत्र असेल तर आणखी सोपं. शेकाच्या वेळी माझी स्वतःची मर्यादा पडून असतानाच्या नाडीपेक्षा 15 ठोके जास्त, इतकीच आहे. पडून 72 असेल तर 87 ला मी पिशवी बाजूला करते, कितीही बरं वाटत असलं तरी. नाडीचा वेग बदलणारी औषधं चालू असतील तर ही मर्यादा डॉक्टरांना विचारून ठरवा.

सुरुवातीलाच एक तपासणी करून ठेवा, पण जवळ कुणीतरी असू द्या. 10 मिनिटं शांत पडून नाडी मोजा, मग भिंतीला टेकून उभं राहून 10 मिनिटं दर मिनिटाला मोजा. प्रौढांमध्ये ती 30 किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच टिकत असेल, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर लगेच खाली बसा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. अशा माणसाने पूर्ण अंगाला उष्णता देणारे प्रकार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नयेत.

गरम पाण्याची पिशवी

सगळ्यात जास्त भरवशाचा प्रकार हाच, म्हणून याबद्दल सावकाश सांगते.

दोन लिटरची पिशवी पूर्ण भरली तर ती दोन किलोच्या वर जाते. आपल्या हातांना ते वजन नको आणि दुखऱ्या कमरेलाही नको. अर्धी भरा. उकळतं पाणी कधीही ओतू नका. रबर लवकर कडक होऊन चिरतं आणि शिंतोडा उडाला तर हात भाजतो. पाणी उकळलं असेल तर थोडं थंड पाणी मिसळा. पिशवी ओट्यावर आडवी ठेवून तोंड वर धरा आणि पाणी तोंडाशी येईपर्यंत हळूच दाबून हवा काढून टाका. हवा राहिली की पिशवी फुगून अंगावरून घसरते आणि सारखी धरून ठेवावी लागते. झाकण घट्ट लावून पिशवी मोरीत उलटी धरून पाहा, थेंबही गळता कामा नये. मग सुती कापडाचे दोन थर.

हे सगळं वाचायला सोपं आहे, पण किटली उचलणं आणि झाकण पिळणं यातच माझी संध्याकाळ संपायची. आता पिशवी माझी धाकटी बहीण भरते. ती घरी नसेल त्या दिवशी मी विजेवर चालणारी, ठरलेल्या वेळाने आपोआप बंद होणारी शेकाची गादी वापरते. ती नसेल तर जाड मोजे आणि पांघरूण, बस.

कुठे ठेवायची? मानेच्या मुळाशी आणि दोन खांद्यांच्या मध्ये, किंवा कमरेखाली. एका वेळी एकच जागा. पहिले दोन आठवडे 8 मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला पिशवी टेकवून पाहा. हात मागे घ्यावासा वाटला तर ती जास्त गरम आहे. शेक संपला की लगेच उठू नका, पिशवी काढून शेकाच्या दुप्पट वेळ तसेच पडून राहा. मी इथे नेहमी घाई करायची, कारण बरं वाटलं की राहिलेलं काम आठवतं. त्या बरं वाटण्याच्या भरात उठून कपड्यांच्या घड्या घातल्या की शेकाचा फायदा तिथेच संपतो, वर आणखी खर्च.

पिशवी पोटाशी धरून झोपून जाऊ नका. कातडीला सतत 44 अंश सेल्सिअस उष्णता लागून राहिली तर साधारण 6 तासांत भाजतं, आणि 44 अंश हाताला फक्त "छान गरम" वाटतं. थकून झोपलेल्या माणसाला ते जाणवतही नाही. रोज एकाच जागी शेक घेतल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डागही उमटतात. माझ्या कमरेवर तसे उमटले होते. मी दीड महिना ती जागा पूर्ण सोडली तेव्हा ते फिके झाले. डाग दिसू लागले की जागा बदला आणि डॉक्टरांना दाखवा.

जिथे बधिरपणा आहे, सूज आहे, जखम आहे, तिथे शेक नाही. कातडीवर वेदनाशामक औषधाची पट्टी चिकटवली असेल तर तिच्यावर किंवा तिच्या आसपास उष्णता मुळीच नको. काही पट्ट्यांमधलं औषध उष्णतेने एकदम जास्त शरीरात शिरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

पुरचुंडी

जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू तव्यावर गरम करून सुती फडक्यात बांधायची आणि टेकवत-उचलत शेकायचं. कोरडा शेक आखडलेल्या खांद्यांना फार आवडतो. पण ती सारखी थंड होते आणि पुन्हा तव्यावर धरावी लागते, तेव्हा शेकणारं दुसरं कुणी असेल तरच हा प्रकार करा. स्वतःचा खांदा स्वतःच्या हाताने शेकत बसणं म्हणजे दुखऱ्या हाताला कामाला लावणं.

पाय

थंडगार पायांनी अंथरुणात पडून राहिलात तर झोप येत नाही, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याचं कारण असं: झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ती उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. तळपाय गरम केले की तिथल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता निघून जाते. म्हणजे पाय गरम केल्याने आतलं शरीर निवतं. मला हे पहिल्यांदा उलटंच वाटलं होतं.

झोपायच्या तास-दीड तास आधी पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसा, घोटे बुडतील इतकं पाणी घ्या, 38 ते 40 अंश. कोपर बुडवून पाहिलं तर सुखद वाटावं, चटका नको. 10 मिनिटं. बादली दुसऱ्याने उचलायची. बसणंसुद्धा झेपत नसेल तर पलंगाच्या पायथ्याशी पांघरुणात पिशवी ठेवून पाय तिच्या जवळ ठेवा आणि डोळे मिटायच्या आधी ती काढून टाका. माझा अनुभव प्रामाणिकपणे सांगायचा तर झोप लवकर लागते, पण सकाळचा थकवा तसाच राहतो. तरीही रात्री तासभर छताकडे बघत पडायचं वाचतं.

आंघोळ

गरम पाण्याची आंघोळ हा आपल्यासाठी सगळ्यात फसवा शेक. उभं राहणं, हात वर करणं, उष्णता आणि कोंडलेली वाफ, चारही एकत्र. स्टुलावर बसून गरम पाण्याने आंघोळ केल्यावर माझी नाडी 104 झालेली वहीत आहे. तेव्हा पाणी कोमट, बसायला घट्ट स्टूल, दार लोटलेलं पण कडी न लावलेलं, केस वेगळ्या दिवशी. शेवटी पायांवर थोडं गार पाणी. अंग पुसत उभं राहू नका, मोठा पंचा गुंडाळून थेट अंथरुणावर अर्धा तास.

वाफ, घाम आणि माझे 11 दिवस

आजाराच्या दुसऱ्या वर्षी एका उपचार केंद्रात मला वाफेच्या पेटीत बसवलं, डोकं बाहेर, बाकी अंग आत. 20 मिनिटं ठरली होती. 12 व्या मिनिटाला कानात घुंई घुंई सुरू झाली. मी सांगितलं तर उत्तर मिळालं, "विष बाहेर पडतंय, थोडं सोसा." सोसलं. बाहेर पडताना गुडघे दुमडले. दुसऱ्या दिवशी मात्र इतकं हलकं वाटलं की मी बहिणीला फोन करून म्हटलं, "अगं, मला उपाय सापडला." तिसऱ्या दिवशी मला पाण्याचा पेला उचलता येईना. पडदे बंद करून 11 दिवस काढले.

वाफेच्या पेटीत हवा ओलसर असते, घाम वाळत नाही आणि घाम न वाळल्याने शरीर निवत नाही. कोरड्या उष्णतेपेक्षा ती म्हणूनच लवकर चढते. मूत्रपिंड आणि यकृताचं काम घामातून होत नाही, तेव्हा "विष बाहेर पडतंय" या बोलण्यावर विसंबून चक्कर सोसू नका.

नंतर कळलं की परंपरेनेही हे सोसायला सांगितलेलं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 14 वा अध्याय पूर्ण स्वेदनावर, म्हणजे शेक देऊन घाम काढण्यावर आहे. अग्नीच्या मदतीने करायचे 13 प्रकार त्यात आहेत, आणि अग्नीशिवायचे 10, त्यात जाड पांघरूण आणि उबदार घरसुद्धा येतं. त्याच अध्यायात कुणाला स्वेद देऊ नये याची यादी आहे आणि तिच्यात श्रान्त म्हणजे थकलेले, दुर्बल आणि ज्यांचं ओज, म्हणजे अंगातलं बळ, क्षीण झालं आहे असे लोक स्पष्ट येतात. गर्भवती आणि मधुमेही आहेत, तहानलेले आणि भुकेलेही आहेत. हृदय आणि डोळे यांच्यावर स्वेद सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असंही आहे. ते वाचताना मला रडू आलं. थकलेल्या माणसाला घाम काढायला बसवू नये, हे इतक्या जुन्या काळी कुणीतरी नीट पाहून लिहून ठेवलं होतं.

मग पूर्ण अंगाचा शेक आपल्याला कधीच नाही का? जपानमध्ये कागोशिमा विद्यापीठातले डॉ. चुवा तेई यांनी 1989 च्या सुमारास हृदयरुग्णांसाठी वाओन नावाची पद्धत तयार केली. 60 अंशांच्या कोरड्या खोलीत 15 मिनिटं, मग पांघरूण गुंडाळून 30 मिनिटं पडून राहणं आणि गेलेल्या घामाइतकं पाणी पिणं. 2015 साली आपल्या थकव्याच्या आजाराच्या 10 रुग्णांना ती आठवड्यातून 5 दिवस, 4 आठवडे दिली गेली आणि त्यांना वाटणारा थकवा कमी झाला. पण 10 माणसं फार थोडी, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. माझं लक्ष वेधलं ते त्या 30 मिनिटांनी. शेकाच्या दुप्पट विश्रांती, हे मी तिथून उचललं. साध्या सॉनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, जाऊन हे स्वतःवर करून पाहू नका. तिथलं तापमान बहुधा 60 पेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि नाडी बघायला शेजारी कुणी नसतं.

शेक कधी नाही

ताप किंवा कणकण असेल, घसा आणि मानेच्या गाठी दुखू लागल्या असतील, जुलाब-उलट्या झाल्या असतील, बाहेर खूप उकाडा असेल, तर नाही. हृदयाचा आजार, गरोदरपण, रक्तदाब उतरवणारी औषधं असतील तर आधी डॉक्टर. क्रॅशमध्ये असताना फक्त पायांशी पिशवी, तीही हवीशी वाटली तर. काहींना या आजारात उष्णताच सहन होत नाही. त्यांनी गार कापड वापरावं, यात काही चुकत नाही.

शेक घेताना चक्कर, मळमळ, कानात आवाज, छातीत धडधड, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. आडवे व्हा, पाय उशीवर, मानेवर गार पाण्याचा बोळा, थोडं थोडं पाणी. 15 मिनिटांत उतरलं नाही तर डॉक्टरांना कळवा. छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली तर एक मिनिटही वाट पाहू नका.

वाढवायचं कसं

दोन आठवडे एकच जागा, एकच वेळ. तिसऱ्या दिवसाच्या चौकोनात एकही उणे नसेल तरच पुढे, आणि पुढे म्हणजे 2 मिनिटं. उष्णता, वेळ आणि जागा यातली एकच गोष्ट बदला, नाहीतर घसरण कशाने झाली हे कळणार नाही.

घरच्यांसाठी एक विनंती. पिशवी काढली की लगेच "बरं वाटलं ना?" असं विचारू नका. माणूस तुमच्या समाधानासाठी हो म्हणतो. माझी बहीण तिसऱ्या दिवशी वही उघडून पलंगाच्या कडेला बसते आणि म्हणते, "ताई, सोमवारचं सांग." मी बोटाने खूण दाखवते, ती लिहिते. मला सध्या दुपारी 4 वाजता, कमरेला, अर्ध्या पिशवीने 12 मिनिटं झेपतात आणि त्यानंतर 24 मिनिटं मी पडून राहते. 14 करून पाहिली, दोनदा. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी उणे आलं. म्हणून घड्याळाचा गजर 12 वरच लावलेला आहे.